होतं म्हणून गेलं

मला आनंद झाला होता, याचाच त्रास होतोय. खाल्ल्याचा तितका नाही.

वसुबारसेला काकू आल्या आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "डेंग्यूने का होईना, पण काय छान बारीक झालीस गं!" आणि मी खुलले. अंगात अजून त्राण नाही, जिना चढताना मध्येच कठडा धरून उभं राहावं लागतं, न्हाताना केस हातात येतात, आणि मी ओढणी मागे सारली, कंबर नीट दिसावी म्हणून. चिऊ शेजारीच करंज्यांत सारण भरत होती. तिने वर बघितलं आणि परत करंजी मुडपायला लागली. त्यावर आज लिहवत नाही.

मग ज्याने त्याने तेच. सलाईन लागलेलं असताना किवी घेऊन आलेली माणसं आता फराळाचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, आता हे टिकव हं. मीही मनात म्हटलं, टिकवायचं. डॉक्टरांनी पोटभर जेवा म्हणून बजावलं होतं, तरी रात्रीचा भात बंद केला. दुपारी दोनऐवजी एकच पोळी. कुणी सांगितलं नव्हतं. आपसूक मिळालेलं काहीतरी हातचं जाऊ नये, एवढंच डोक्यात.

आणि पाडव्याच्या रात्री सगळे झोपल्यावर मी ओट्याशी उभी होते.

स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज न करता काढायचं तर वरून तळवा घट्ट दाबायचा, अंगठ्याने कडेकडेने थोडं थोडं उचलत आणायचं आणि शेवटी जो 'टक्' होतो तो डबा पोटाशी धरून जिरवायचा. हे मला शाळेत असल्यापासून येतं. चिवडा, मग शंकरपाळे, मग बेसनाचे लाडू, मग परत चिवडा. लाडवाची चव दुसऱ्या लाडवालाच संपली होती. टाळ्याला बेसन चिकटलेलं, घोटभर पाणी प्यायलाही थांबत नव्हते, कारण थांबलं की कळणार. उभ्यानेच. पाट मांडून बसले असते तर ते जेवण झालं असतं.

पूर्वी याच्या पुढचं ठरलेलं असायचं. सकाळी आरशासमोर स्वतःला वाट्टेल ते बोलायचं आणि उपास धरायचा. संकष्टी जवळ आली असेल तर फारच सोयीचं, देवाच्या नावावर खपून जातं आणि घरात कुणी का म्हणून विचारत नाही. चंद्रोदयापर्यंत कळ काढायची, आणि नैवेद्य दाखवून झाला की पुन्हा तेच डबे. गणपतीला मी कितीदा असं वेठीला धरलंय. त्याच्याबद्दल मला खरंच भक्ती आहे, म्हणून हे जास्त लागतं.

या वेळी ताईंना फोन केला. खाण्याबद्दल मी त्यांच्याशी बोलते. त्यांनी किती खाल्लं, काय खाल्लं असं काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "भूक किती होती?" मला प्रश्नच कळेना. असल्या खाण्यात भुकेचा काय संबंध? हा तर माझा अधाशीपणा, माझं सुटलेलं मन. त्या शांतपणे म्हणाल्या, "तापात अर्धी झालीयेस, त्यात रात्रीचं जेवण सोडलंयस. शरीर मागणारच ना."

मग त्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या प्रयोगाचं सांगितलं. मागेही सांगितलं होतं, तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं असावं. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, युरोपात उपासमार. उपाशी माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं हे समजावं म्हणून अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण घेतले, युद्धावर जायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, आपण होऊन आलेले. विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या खोल्यांत त्यांना ठेवलं आणि १९४५ साली सुमारे सहा महिने अर्धपोटी जगवलं, दिवसाला साधारण १,५७० कॅलरी. ती शहाणीसुरती माणसं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली. ताटं चाटायची. रात्री जेवणाची स्वप्नं पडायची. आणि प्रयोग संपून हवं तेवढं खायला मिळाल्यावरही कित्येकांची भूक भागेना. पोट तट्ट भरलेलं, तरी आतून अजून हवंच.

ते उंचेपुरे पुरुष, आठवड्याला २२ मैल चालायचे, तेव्हा माझ्याशी तंतोतंत तुलना होणार नाही हे मलाही कळतं. पण माझ्या कपाटात अजून एक जुना डाएटचा तक्ता आहे, त्यावर लाल पेनाने १,२०० लिहिलंय. त्या प्रयोगाला उपासमार म्हणतात आणि माझ्या तक्त्यावर 'निरोगी जीवनशैली' असं छापलेलं होतं. फोन ठेवल्यावर मी खूप रडले. इतकी वर्षं ज्याला मी माझा स्वभाव समजत होते ती भूक असू शकते, हे कुणी आधी का सांगितलं नाही? लाजेपोटी एकट्याने खाणं, भरभर खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, ही सगळी एका आजाराची लक्षणं म्हणून लिहिलेली आहेत आणि २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत त्याला 'बिंज इटिंग डिसऑर्डर' म्हणून स्वतःची स्वतंत्र जागा आहे. मला वाटायचं, ओट्याशी उभी राहणारी जगात मी एकटीच.

पण परत तेच. भुकेचं उत्तर मिळालं, आनंदाचं कुठे मिळालं?

भूक निर्दोष आहे, हे मानता येतं. तो आनंद मानता येत नाही. मी आजारी पडले आणि मला बरं वाटलं, कारण मी कमी झाले. प्लेटलेट उतरत होत्या तेव्हा नवऱ्याचा चेहरा मी बघितलाय. आजी देवापुढून उठत नव्हती. आणि त्याच आजाराचा मला फायदा वाटावा? ताप असताना एकदा मी स्वतःहून वजनाच्या काट्यावर उभी राहिले होते, भिंतीला धरून. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहिलंय.

आजीला मी काहीच बोलले नव्हते. तिने माझं मनगट हातात घेतलं, अंगठा आणि बोटात धरून बघितलं आणि म्हणाली, "व्हतं म्हनून ग्येलं, पोरी. नसतं तर तूच ग्येली असती."

तिचं बरोबरच आहे. ती बीडकडची, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. रेशनवरचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, कामावर खायला मिळणारी सुकडी, हे सगळं ती अजून परवाचं असल्यासारखं सांगते. तेव्हा गावात कोण किती बारीक झालंय हे माणसं भीतीने बघायची. अंगावर मूठभर मांस असणं म्हणजे पुढचा महिना निघण्याची आशा. मला काकूंनी दिलेली शाबासकी त्या साली कुणी आजीला दिली असती तर तिला ती शिवी वाटली असती.

आणि योगायोग असा की ज्या कीजने तो उपासमारीचा प्रयोग केला, त्यानेच नेमकं १९७२ साली 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव रूढ केलं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं हे सूत्र त्याआधीच १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने काढलेलं. तो लोकसंख्येतला सरासरी माणूस शोधत होता, कुणा एकाची तब्येत तपासत नव्हता. आज आपल्याकडे तो आकडा २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. त्याला कारणं आहेत. आपल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो, पुण्यात केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. मला ते खोटं ठरवायचं नाही, माझी साखर मी तपासून घेतेच. पण एकच माणूस भुकेने माणसाचं काय होतं हेही लिहून ठेवतो आणि तो आकडाही रूढ करून जातो, आणि आमच्यापर्यंत आकडा तेवढा पोचतो. याचा मला राग येतो.

ताई आणखी एका प्रयोगाबद्दल बोलल्या होत्या, २००७ चा, अमेरिकेतला. कॉलेजच्या मुलींना आधी एक डोनट खायला दिला. मग काहींना मायेने सांगितलं की असं सगळेच कधी ना कधी खातात, स्वतःला बोल लावू नकोस. नंतर चव बघायला म्हणून गोळ्या-चॉकलेटं पुढे ठेवली. खाण्यावर सतत बंधनं घालणाऱ्या मुलींपैकी ज्यांच्याशी कुणी मायेने बोललं होतं, त्यांनी कमी खाल्लं. बाकीच्यांनी जास्त. मला यात कमी-जास्तीपेक्षा ते दोन वाक्यांचं बोलणं लागलं. एवढंसं बोलणं, अनोळखी माणसाकडून, आणि तेवढ्याने फरक पडतो. आमच्या घरात तेवढंही कुणी... आईने साखरपुड्याच्या साडीच्या वेळी जे म्हटलं ते मी अजून... नको.

भाऊबीजेच्या सकाळी मी नाश्ता केला. कांदेपोहे, बसून, वरून खोबरं घेऊन. या सगळ्यात सर्वांत अवघड तेच होतं. पोट जड, घशाशी आंबट, आणि तरी 'आज काही नको' न म्हणता बशी पुढे ओढणं. पहिला घास गिळताना अपराधी वाटलं. दुसराही तसाच गेला. नंतर पोह्यांची चव लागली.

तेव्हा कुठे वाटलं, की जी माया भुकेला दाखवतेय ती त्या आनंदालाही दाखवायला हरकत नाही. सहावीत असताना वर्गात 'जाडे' अशी हाक ऐकून मागे वळणारी मी, तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हणालं, छान बारीक झालीस. ती हुरळणारच. किती वाट बघितली होती तिने! तिलाही रागवायचं म्हणजे परत आरशासमोर उभं करून बोलणंच झालं. तो आनंद गेलेला नाही, काल जीन्स घालतानाही आला. आला तर आला. त्याच्यासाठी भात मात्र सोडायचा नाही.

काकूंचा काल फोन आला तेव्हा मी म्हटलं, "काकू, मी आजारी होते हो. त्याला छान नका म्हणू." आवाज कापत होता. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग त्यांनी विचारलं, "प्लेटलेट किती खाली गेल्या होत्या गं?" मी सांगितलं. त्या "बाई गं" म्हणाल्या, आणि मग एकदम, विचारलं नसताना, "मी लग्नानंतर रात्रीचा भात सोडला तो सोडलाच. तुझे काका म्हणाले होते काहीतरी." काय म्हणाले होते ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. इतकी वर्षं त्यांचं बोलणं मला टोचत होतं, आणि त्यांना कुणाचं टोचत होतं हे माझ्या गावीही नव्हतं.

रात्री वरणभात खाल्ला. तूप घेतलं. चिऊ म्हणाली, "मला पण वाढ." तिने आणखी मागितला, आणि तोही वाढला. कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

एका लग्नात घालायचं ब्लाउज आज शिवायला टाकलं. मापाला डेंग्यूच्या आधीचंच दिलं. शिंपीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, ब्लाउजकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे सैल होईल की तुम्हाला." म्हटलं, होऊ दे, लग्नापर्यंत भरेन मी. त्यांनी खडूने खूण केली आणि बुधवारी न्यायला या म्हणाल्या.