अनवाणी

बाहेरून आल्यावर चपला काढल्या की गार फरशी तळव्यांना लागते आणि जिवाला बरं वाटतं. हे सुख जेमतेम दोन मिनिटं टिकतं. मग करंगळी पलंगाच्या खुरावर आपटते. महिन्यातून दोनदा तरी. ती करंगळी मुठीत धरून एका पायावर नाचताना मला हटकून मोहन बागान आठवतो.

कोलकात्याचा हा फुटबॉल क्लब १८८९चा, पण त्याचं नाव झालं २९ जुलै १९११ला. आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेची फायनल, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचे बूटवाले गोरे सोल्जर. आपल्या अकरांत बूट एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायात, बाकी दहा अनवाणी! आधी गोल खाल्ला. मग कर्णधार शिबदास भादुरींनी बरोबरी केली आणि मॅच संपता संपता अभिलाष घोषांनी दुसरा गोल मारला. २-१. या विजयाला स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात जागा मिळाली, ती रास्तच. माझं मन मात्र त्या शंभर बोटांपाशी घुटमळतं. त्यांच्यावर किती वेळा बूट पडला असेल?

पाठोपाठ आले गोष्ठ पाल. तेही अनवाणी, आणि तेही बॅक. म्हणजे अंगावर येणाऱ्या बुटांसमोर उभं राहणं हेच काम. लोक त्यांना चीनची भिंत म्हणत. १९६२ला पद्मश्री मिळाली, फुटबॉलपटूला मिळालेली पहिलीच.

पण माझा जीव शैलेन मन्नांवर. बागानशी त्यांची जवळजवळ दोन दशकांची सोयरीक. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू बिनबुटाचेच उतरले. कर्णधार तालिमेरेन आओ, तोही बागानचाच. तो डॉक्टरकी शिकत होता, हे वाचून मला उगाच हायसं वाटलं. फ्रान्सने २-१ने हरवलं. त्यात एक पेनल्टी मन्नांनी दवडली. म्हणे इंग्लंडच्या राजाने त्यांना विचारलं, पाय पोलादाचे आहेत का? खरंखोटं देव जाणे. माझी करंगळी मात्र ही गोष्ट खरी धरून चालते.

१९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १० गोल चढवले, आणि मग बूट आलेच. चुनी गोस्वामी हे त्या बुटांच्या काळातले. सारी कारकीर्द बागानमध्ये, १९६२च्या जकार्ता एशियाडमध्ये भारताचे कर्णधार, सुवर्णपदक. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून की काय, १९७१-७२च्या रणजी फायनलला बंगालचे कर्णधार! तिथे मात्र गाठ मुंबईशी होती. हरले.

ती मॅच आमच्या काकांनी पाहिली होती. मोठ्या आशेने त्यांना विचारलं, "चुनी गोस्वामी आठवतात? पाय कसे होते हो त्यांचे?"

"पाय कुठले दिसतायत," काका म्हणाले, "पॅड नव्हते का बांधलेले!"