बंबाला पट्टे, पलंगाखाली बूट

आमच्या घरातला पाणी तापवायचा बंब भिंतीला दोन पट्ट्यांनी आवळून बांधलेला आहे. चाळीस गॅलनची टाकी, म्हणजे दीडशे लिटर. कॅलिफोर्नियात बंब असा बांधून ठेवणं कायद्यानेच सक्तीचं आहे, कारण भूकंपात तो आडवा झाला की गॅसची नळी तुटते आणि मग आग लागते. हे झालं कायद्याचं कारण. इथले जुने लोक मात्र दुसरंच सांगतात. नळाला पाणी आलं नाही तर हेच दीडशे लिटर प्यायचे, खालच्या तोटीतून काढायचे.

कॅलिफोर्निया म्हटलं की भारतात सगळ्यांना सिलिकॉन व्हॅली आठवते. आम्ही राहतो ती हंबोल्ट काउंटी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, गाडीने पाच तासांवर. विस्तार लातूर जिल्ह्यापेक्षा मोठा आणि वस्ती जेमतेम एक लाख पस्तीस हजारांची. बाकी सगळे रेडवूडचे डोंगर, नद्या आणि गाईंची कुरणं. दक्षिणोत्तर जायला १०१ नंबरचा हायवे, पूर्वेला रेडिंगकडे २९९. पावसाळ्यात दरड कोसळली की यातला एखादा बंद, कधी दोन्ही. शेजाऱ्यांच्या पिकअपमध्ये कायम करवतीचं मशीन का असतं, हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. रस्त्यावर झाड पडलं तर सरकारी माणसांची वाट कोण बघणार? चार जण उतरतात, कापून बाजूला करतात आणि पुढे जातात.

आमच्या किनाऱ्यापाशी जमिनीचे तीन मोठे तुकडे एकमेकांना भिडतात, त्यामुळे धक्के नेहमीचेच. २० डिसेंबर २०२२ ला पहाटे २ वाजून ३४ मिनिटांनी फर्नडेलजवळ ६.४ चा भूकंप झाला. सत्तर हजारांवर ग्राहकांची वीज गेली. रिओ डेल या छोट्या गावात जलवाहिन्या फुटल्या, कित्येक घरं पायावरून सरकली आणि दारांवर लाल, पिवळे कागद लागले. लाल म्हणजे आत पाऊल टाकायचं नाही. फर्नडेलला जायचा १९११ सालचा जुना पूलही तपासणीसाठी बंद. दोन माणसं गेली, पण ढिगाऱ्याखाली सापडून नव्हे. त्यांची तब्येत बिघडली आणि उपचार वेळेवर मिळू शकले नाहीत.

माझी आत्या औशाची. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी भूकंपाची ती पहाट तिने पाहिली आहे. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. त्यानंतर कित्येक महिने त्यांचं घर अंगणातच झोपत होतं. इथल्या धक्क्याची बातमी कळली की तिचा फोन ठरलेला, "अगं, काही हललं की आधी बाहेर पळ बघ!" इथे नेमकं उलटं शिकवतात. पळायचं नाही. खाली बसायचं, टेबलाखाली शिरायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. दर ऑक्टोबरमध्ये शाळा-ऑफिसांत याची कवायत होते. आत्या चुकते असं मात्र मी म्हणणार नाही. किल्लारीची घरं दगड-मातीची, जाड भिंतींची आणि वर मातीच्या धाब्याचं ओझं. असं घर एकदा बसलं की आतल्या माणसाला वाव नाही. इथली घरं लाकडी सांगाड्याची, ती करकरतात, डोलतात, पण सहसा कोसळत नाहीत. पळताना अंगावर कपाट पडतं, धुराड्याच्या विटा येतात, पाय काचांवर पडतात. म्हणून पलंगाखाली जाड तळव्याचे बूट आणि टॉर्च.

समुद्राकाठी मात्र हलणं थांबताच निघायचंच. ५ डिसेंबर २०२४ ला सकाळी १०:४४ ला इथल्या केप मेंडोसिनो भूशिरापासून पश्चिमेला समुद्रात ७.० चा धक्का बसला आणि काही मिनिटांत सगळ्यांचे फोन त्सुनामीच्या इशाऱ्याने कर्कश वाजायला लागले. लोक गाड्या काढून उंचावर निघाले आणि रस्ते तुंबले. बाराच्या आत इशारा मागे घेतला गेला. तो भूकंप आडव्या सरकण्याचा होता, त्याने समुद्राचा तळ फारसा वर उचलला गेला नाही. मोठी भीती वेगळीच आहे. समुद्राखालची कॅस्केडिया नावाची भेग इथून कॅनडापर्यंत हजारेक किलोमीटर जाते. ती शेवटची फुटली २६ जानेवारी १७०० ला. त्या लाटेची नोंद थेट जपानच्या दप्तरांत सापडते. तशी लाट इथे दहा-पंधरा मिनिटांत येईल. म्हणून नियम असा की धक्का बराच वेळ चालला तर भोंग्याची किंवा फोनची वाट न पाहता पायी टेकडी गाठायची. गाडीच्या नादात माणूस अडकतो.

शेजारचं ओरेगन राज्य नागरिकांना उघड सांगतं की दोन आठवडे स्वतःच्या जिवावर काढायची तयारी ठेवा. सरकारने असं म्हणावं याचं आधी मला नवल वाटलं, रागही आला. आता तो प्रामाणिकपणा वाटतो. माणशी रोज एक गॅलन पाणी धरलं तर चौघांचं दोन आठवड्यांचं दोनशे लिटरच्या वर जातं. त्याचे डबे गराजमध्ये आहेत. खाण्याच्या याद्यांत सगळी डबाबंद बीन्स आणि टूना. मी पोहे ठेवते. पाण्यात भिजवले, शेंगदाण्याची चटणी कालवली की झालं, चूल लागत नाही. सोबत चिक्की, मीठ, औषधं, थोडी रोकड, कारण वीज गेली की कार्ड चालत नाही.

विजेचं दुखणं भूकंपापुरतं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने जवळजवळ सगळ्या काउंटीची वीज मुद्दाम तोडली होती. आडबाजूला विहिरीवर पंप असणाऱ्यांचं पाणीही विजेबरोबर जातं. जनरेटर असला तरी तो घरात किंवा गराजमध्ये चालवायचा नाही, त्याच्या धुराने झोपेतच माणूस जातो.

गॅसच्या मीटरला एक पाना दोरीने लटकवून ठेवला आहे. वास आला तरच पाव वळसा देऊन बंद करायचं. उगीच बंद केलं तर पुन्हा चालू करायला कंपनीचाच माणूस लागतो आणि तेव्हा सगळी काउंटी रांगेत असणार.

राहिलं ते सगळ्यात महागडं काम. आमचं घर जुनं, लाकडी चौकट पायाला बोल्टांनी जखडलेली नाही. रिओ डेलची घरं अशीच सरकली होती. राज्याच्या एका योजनेत या कामाला तीन हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळतं. अर्ज भरलाय. मिस्त्री घराखालच्या पोकळीत सरपटत जाऊन पाहून आला आणि त्याने सांगितलेला आकडा अनुदानाच्या बराच वर आहे. आत्याला सांगितलं, तर म्हणाली, "सोन्याची बांगडी पुढच्या वर्षी कर, आधी घर बांधून घे."