मान हलवणारा माणूस

रात्रीचा दीड वाजलाय. सोळावं प्रकरण पुन्हा उघडायला नको होतं.

कूपरच्या 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स'मध्ये तिथे म्हातारा इंग्रज सेनाधिकारी मन्रो, मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुण डंकनला आपल्या थोरल्या मुलीच्या, कोराच्या आईबद्दल सांगतो. वेस्ट इंडीजची, मागच्या कुठल्यातरी पिढीत गुलामांचं रक्त. डंकन आतून चपापतो आणि वरवर मात्र मनात तसं काही असल्याचं नाकारतो. कादंबरी १८२६ची. सोयरिकीआधी रक्त बघणं सगळीकडे सारखंच, म्हणा. पुढे कोरा आणि मोहिकन तरुण उन्कास यांच्यात जे काही आहे, ते दोघंही एकमेकांना सांगत नाहीत. मरतात मात्र एकाच कड्यावर.

१९९२च्या सिनेमात ती आईच नाही.

पुस्तकात दफनाच्या वेळी डेलावेअर जमातीच्या मुली गातात, की ही दोघं परलोकात सोबत राहतील. उन्कासचा गोरा सोबती हॉकआय याला त्यांची भाषा कळते. ते ऐकून तो मान हलवतो : नाही. पुस्तकभर आपलं रक्त निर्भेळ असल्याचं सांगत फिरणारा माणूस तो. आणि सिनेमात कोरा कुणाला? त्यालाच!

मग इतकी वर्षं तो शेवट बघताना माझा घसा दाटत होता, तो कुणासाठी? उगाच फसल्यासारखं वाटतंय.

कारागिरी कळते हो. तेहतीस प्रकरणं, पडद्यावर दोन तासांहून कमी. स्तोत्रं गाणारा गॅमट गेला. अस्वलाचं कातडं पांघरून छावणीत शिरणंही गेलं (बरंच झालं, थिएटर हसलं असतं). प्रेमाला जागा काढली ती मन्रोच्या किल्ल्याच्या, फोर्ट विल्यम हेन्रीच्या वेढ्यात. ऑगस्ट १७५७, जेमतेम आठवडाभराचा वेढा : फ्रेंचांचे खंदक रोज थोडे पुढे, मदत येणार नाही. पण जंगलात रमणारा नायक किल्ल्यात अडकणार कसा? तर घरं वाचवायला निघालेल्या वसाहतवाल्या शिपायांना तो पळून जायला मदत करतो, राजद्रोहात सापडतो, फाशी ठरते. आता कोराला बापाच्या विरुद्ध उभं राहावंच लागतं. उरला डंकन. पुस्तकात त्याला कोराची धाकटी बहीण अ‍ॅलिस मिळते. इथे तो आगीत स्वतःला देऊन टाकतो. नको असलेल्या स्थळाला थोर करून वाटेतून बाजूला करायचं, ही युक्ती आपल्यालाही नवी नाही.

शिवाय हॉकआयला प्रेमात पाडणारा हा काही पहिला सिनेमा नव्हे. १९३६च्या सिनेमाच्या पटकथेचं ऋण श्रेयनामावलीतच मान्य केलंय. आणि दिग्दर्शकाचं आडनाव मान. असो.

पण शेवट परत लावला, आवाज बंद करून. उन्कास आणि अ‍ॅलिस. अख्ख्या सिनेमात दोघं जवळजवळ बोलतच नाहीत, नुसतं बघतात. म्हणजे पुस्तकातलं ते न बोलणं कुणी टाकून दिलेलं नाही. थोरलीकडून काढून धाकटीला दिलंय, इतकंच. थोरलीची साडी धाकटीला, तसं.

उन्कास पडल्यावर त्याला मारणारा खलनायक मागुआ सुरी खाली करतो, रक्ताळलेल्या हाताने अ‍ॅलिसला बोलावतो. ती एकदा त्याच्याकडे बघते आणि कड्यावरून स्वतःला सोडून देते.

आवाज बंद होता, तरी घसा दाटलाच.