सड्यावरचा गादीवाफा

आमचं घर गुहागर तालुक्यात, सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर. परसात कुदळ मारली की वीतभर मातीखाली खणकन कातळ वाजतो. पावसाळ्यात वर पाणी साचतं आणि मिरचीची रोपं आषाढातच पिवळी पडून कुजतात. खाली जाता येत नाही तर माती वर चढवून गादीवाफा करू, असं यंदा मे महिन्यात ठरवलं. मुंबईचा चुलतभाऊ सहकुटुंब आलाच होता, त्यामुळे माणसांना तोटा नव्हता.

त्याने मोबाइलवर लाकडी फळ्यांचे वाफे दाखवले. दिसायला झकास. पण आमच्याकडची वाळवी दाराच्या चौकटी सोडत नाही, ती ओल्या मातीला टेकलेली फळी कशाला सोडेल? पाडलेल्या गोठ्याचे जांभ्याचे चिरे मागे पडून होते, तेच घेतले. मग त्याचं म्हणणं, सिमेंटात बांधू, पक्कं होईल. ओटीवरून तात्या, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "सिमेंट घातलंत की पाणी जायचं कुठून? गडगा रचा, नुसता चिऱ्यावर चिरा." विषय संपला.

आतून दहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. रुंदी चारच, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचायला हवा. वाफ्यात पाय टाकला की माती दबते. सुतळी बांधून पहिला थर बसवण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. एकेक चिरा पंचवीस-तीस किलोचा, आणि तो नुसता ठेवून भागत नाही. हलवून बघायचा, डुगडुगला की खाली दगडाची चीप सारायची, परत हलवायचा. वरच्या चिऱ्याने खालचा सांधा झाकायचा. भिंत किंचित आत कललेली ठेवायची, कारण भिजलेली माती बाहेर रेटते. तात्या काठीने चिरा न् चिरा ठोकून बघत होते. चिपा गोळा करायचं काम पोरांकडे. त्यांच्या कपड्यांवरचे तांबडे डाग आता जन्मात जाणार नाहीत.

तळाला नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, पोकळ बाजू वर करून, माडाच्या आळ्यात पुरतात तशी. पाऊस गेल्यावर ती ओल धरून ठेवतात. त्यावर गिरिपुष्पाचा पाला, मग माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत. हिशेबाने साठ घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासाच्या (ब्रास शंभर घनफुटांचा) थोडं वर. बघताना वाफा एवढासा वाटतो, भरताना घमेली संपता संपत नाहीत. इथली माती आंबट, पावसाने तिच्यातला चुना धुऊन जातो; म्हणून चुलीची राखही मिसळली, बेतानेच.

मृगाआधी वर पेंढा पसरला, नाहीतर पहिल्याच सरी माती झोडपून काढतात. भेंडी, मिरची आणि कडेला मांडवावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तारा' कारली. आषाढात चिऱ्यांच्या फटींतून पाणी झिरपत राहिलं आणि मिरच्या उभ्या राहिल्या. गोगलगायींनी मात्र त्याच फटींत बिऱ्हाड थाटलंय; रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. या एका बाबतीत सिमेंट बरं पडलं असतं, हे भावाला अजून कळवलेलं नाही.

माती आता चांगली चार बोटं खाली बसली आहे. पाऊस ओसरला की मुळा आणि लाल माठ पेरायचाय, त्याआधी वाफा परत भरायला हवा. गणपतीला भाऊ येतोच आहे. घमेली घासून ठेवली आहेत.