कॉलचं अलीकडचं टोक

गोव्यात टेलिमेडिसीन हवंच कशाला, राज्य ते केवढं, असं हमखास ऐकू येतं. नकाशावर खरं आहे. पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून बांबोळीला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. सकाळची बस गाठा, मध्ये बदला, तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) केसपेपर काढा, नंबरची वाट बघा, डॉक्टर पाच मिनिटं बघणार, संध्याकाळी घरी. सोबत आलेल्याचाही रोज बुडाला. बीपीच्या त्याच गोळ्या पुढे चालू ठेवायला एवढा खटाटोप असेल, तर माणूस गोळ्याच सोडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत अंतराची अडचण केंद्रस्थानी आहे: अंतर आड येत असताना आरोग्य व्यावसायिकांनी माहिती आणि संपर्काची साधनं वापरून दिलेली सेवा. निदान, उपचार, प्रतिबंध, संशोधन, इतकंच काय प्रशिक्षणसुद्धा त्यात येतं. या व्याख्येत व्हिडिओचं नाव नाही. भारताची मार्गदर्शक तत्त्वं 25 मार्च 2020 रोजी आली. तीही व्हिडिओ, फोन आणि लेखी संदेश हे तिन्ही मार्ग धरतात. तरी बहुतेक संस्था ‘टेलिमेडिसीन सुरू केलं’ म्हणतात तेव्हा त्यांनी स्क्रीन आणि अॅप विकत घेतलेलं असतं, बस्स.

नियमांतला कामाचा भाग औषधांच्या याद्यांचा. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी ‘ओ’ यादीतली औषधं कुठल्याही मार्गाने सांगता येतात. ‘ए’ यादीतली पहिल्याच भेटीत द्यायची, तर ती भेट व्हिडिओवर व्हावी लागते. ‘बी’ यादी फक्त फेरतपासणीत, त्याच आजारासाठी. फेरतपासणी म्हणजे त्याच डॉक्टरशी आधीची प्रत्यक्ष भेट सहा महिन्यांच्या आतली हवी. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातली औषधं) आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं निषिद्ध यादीत आहेत. रुग्णाने स्वतः फोन केला तर त्याची संमती गृहीत धरतात. आरोग्यसेविकेने किंवा डॉक्टरने लावला तर ती स्पष्ट विचारून नोंदवावी लागते, आणि गर्दीत नेमकं हेच राहून जातं.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसीन सेवेत दोन वाटा आहेत. एकीत रुग्ण घरून थेट डॉक्टरशी बोलतो. दुसरीत तो गावच्या आरोग्य केंद्रात बसतो, शेजारी आरोग्य अधिकारी असतो आणि पलीकडे मोठ्या इस्पितळातला तज्ज्ञ. माझ्या मते आपल्या डोंगराळ तालुक्यांसाठी दुसरीच वाट खरी. कारण घरून बोलणाऱ्या आजीचं बीपी कोण मोजणार?

मोजण्यातच निम्मी लढाई आहे. रुग्ण चालत आला तर पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. जाड दंडाला लहान कफ लावला की आकडा वर जातो आणि तिकडे गोळी वाढते. ऑक्सिमीटर नेलपॉलिशवर किंवा गारठलेल्या बोटावर चुकतो. त्वचेचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश बंद. एक लांबून, म्हणजे जागा कळते, आणि एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून. ब्यूटी फिल्टर चालू राहिलेला फोन चट्ट्याची लाली पुसून टाकतो. हसू नका, होतं असं.

ईसीजीला तर क्षमा नाही. छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांत ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या आलेखाची, पट्टी निघायला हवी. छातीवर लावायचे व्ही-1 आणि व्ही-2 हे इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीत, उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना. घाईत ते दोन बोटं वर लागतात आणि पट्टी भलतंच सांगते. उजव्या-डाव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली की लीड-1 ही आलेखातली रेघ उलटी दिसते. तसं दिसलं तर पाठवण्याआधी तारा तपासा. पट्टीचा फोटो काढताना कोपऱ्यातली कॅलिब्रेशनची (मापाची) खूण आणि सेकंदाला 25 मिमीचा वेग आत यायलाच हवा, नाहीतर हृदयरोगतज्ज्ञ लहरींची उंची-रुंदी कशाने मोजणार? फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक रेघा पुसट करतं. आणि उत्तराची वाट बघत 108 थांबवू नका. गाडी आधी बोलवा.

संस्थेने आधार द्यायचा म्हणजे काय, तर आधी केंद्रात हे सगळं मोजणाऱ्या माणसांना वेळ द्यायचा. लसीकरण, रजिस्टर, सर्व्हे सगळं करून उरलेल्या अर्ध्या तासात टेलिओपीडी, म्हणजे कॉलवरची बाह्यरुग्ण तपासणी, होत नाही. तज्ज्ञाचंही तसंच. वॉर्डच्या फेरीतच कॉल घ्यायला सांगितलं तर रुग्ण स्क्रीनसमोर ताटकळतो, आणि पुढच्या वेळी फिरकत नाही. वार आणि तास ठरवून द्या, त्या तासात दुसरी ड्युटी नको.

केंद्रातल्या औषधसाठ्याची यादी तज्ज्ञासमोर हवी, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती नसली तर तो त्याच्या सवयीचं औषध लिहितो, ते केंद्रात नसतं आणि रुग्ण शेवटी बस धरून शहरातल्या फार्मसीत जातो. जी फेरी वाचवायची, तीच गळ्यात.

आषाढात वीज जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टर टॅबलेटबरोबर राउटरलाही जोडलेला हवा. दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवा. आणि कॉल तुटला तर परत कोण लावणार, हे पहिल्याच मिनिटाला ठरवून घ्या. नाहीतर दोन्ही टोकं एकाच वेळी डायल करतात आणि दोघांनाही लाइन बिझी लागते.