पाट्यातली जुनी चीर

शनिवार, रात्री

भंगारातल्या गाडीच्या कमानीच्या पाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून, घडवलेली सुरी मोडली. मूठ बसवायच्या आधी मोडली एवढंच त्यातल्या त्यात बरं.

कडक व्हावी म्हणून लाल तापवून तेलात बुडवली होती. बाहेर काढली, पुसली, धारेच्या बाजूने कानस फिरवली. काचेवरून घसरावी तशी कानस सुर्रकन घसरली, म्हणजे पोलाद कडक झालं होतं. मी खूश. सहज नखाने पात्यावर टिचकी मारली तर ‘टण्’ऐवजी ‘टक्’ आलं. फुटक्या मडक्याचा असतो तसा बद्द आवाज. दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा पाठीपासून आत गेलेली केसासारखी रेघ दिसली. वाइसच्या पकडीत धरून अंगठ्याने जरा रेटलं आणि दोन तुकडे हातात.

चार संध्याकाळची घडाई होती. मग नेहमीचं सुरू झालं: तेल गार होतं का? ताव जास्त झाला का? घाई केली का? केलीच असणार, मी ती करतोच.

रविवार

तुकडे घेऊन काकांकडे गेलो. काकांनी उभी हयात ऐरणीपाशी काढलेली, आता भट्टी पेटवत नाहीत. त्यांनी सुरीकडे पाहिलंच नाही. मोडलेला छेद डोळ्यांजवळ नेला, उन्हात फिरवला.

“दोन रंग दिसतात का बघ.”

दिसत होते. छेदाचा बराचसा भाग राखाडी आणि बारीक रवाळ होता, आत्ताच फुटलेला. पाठीलगत मात्र नखाएवढा अर्धगोल डाग होता, काळा, वर पापुद्रा धरलेला. पोलाद तापल्यावर हवा लागेल तिथे काळं पडतं. तेलात चीर गेली असती तर तिच्या आत हे काळं कुठून येणार? म्हणजे भट्टीत घालतानाच चीर तिथे होती आणि मी तिच्यावरच चार दिवस घण घालत होतो.

“पाट्याचा कुठला भाग घेतलास?”

“मधला. सरळ होता म्हणून.”

“भोकाजवळचा?”

मी मान हलवली. काका हसले. गाडीच्या कमानीचा पाटा मधोमध बोल्टने आवळलेला असतो आणि त्या भोकाशी ताण साठतो. प्रत्येक खड्ड्याला पाटा वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो, असं लाखो वेळा. चीर पडलीच तर बहुतेकदा तिथे, नाहीतर गंजाने खड्डा पडलेल्या जागी. मी भंगारातून नेमका तोच भाग हौसेने निवडला होता.

चूक माझी नव्हती याचा आनंद दहा मिनिटं टिकला. मग कळलं की निवड माझीच होती.

सोमवार

पाट्याचे तीन तुकडे उरलेत. काकांनी सांगितलेली जुनी युक्ती करून पाहिली. तारेच्या ब्रशने गंज काढला, तुकडे रॉकेलमध्ये बुडवून ठेवले, नंतर कोरडे पुसले आणि वर खडूची भुकटी चोळली. चिरेत मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूत ओली रेघ उमटते. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत आगगाडीचे भाग याच पद्धतीने, तेल आणि खडू वापरून, तपासत. दोन तुकडे कोरडे राहिले. तिसऱ्यावर दहा मिनिटांनी आडवी रेघ आली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. आधी त्याच्यावर हात फिरवला होता तेव्हा काहीच लागलं नव्हतं.

मग ठिणग्या. ग्राइंडरला आधी साधी लोखंडी सळई लावली: लांब, सरळ ठिणग्या, फुलं तुरळक. जुनी कानस लावली तर आखूड ठिणग्यांचा दाट झुपका, टोकाटोकाला फुटणारा. पाटा दोघांच्या मधे. सळईत कार्बन ०.२ टक्क्याच्या आसपास, पाट्यात ०.६, कानशीत १ टक्क्याच्या वर, आणि तोच कार्बन ठिणगीत फुटताना दिसतो. टक्क्याच्या दशांशांत सुरी आणि कुंपणाची सळई एवढा फरक पडतो हे दर वेळी मला जरा अन्यायकारक वाटतं.

बाकी पाट्यात काय मिसळलंय, क्रोमियम की सिलिकॉन, हे ठिणगी मला तरी सांगत नाही. भंगाराला जन्मपत्रिका नसते. मोठमोठ्यांनाही नुसत्या पोलादावरून त्याचं गुपित सांगता आलेलं नाही. मायकेल फॅरेडे, विजेवाला, हा लोहाराचाच मुलगा. त्याने १८१९ साली भारतातल्या वूट्झ पोलादाचं पृथक्करण केलं आणि त्याच्या गुणांचं श्रेय त्यातल्या अॅल्युमिनियमच्या अंशाला दिलं. ते चुकलं, खरा खेळ कार्बनचा होता. प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने एकच करावं: बोटभर तुकडा कापावा, तापवावा, तेलात बुडवावा, मोडून छेदातला रवा, म्हणजे पोलादाचे कण, बघावा. मी असे बोटभर तीन तुकडे वेगवेगळ्या तावांवर तापवून, बुडवून मोडले. सगळ्यात जास्त तापवलेल्याचा रवा जाड, चकचकीत, भरड साखरेसारखा. कमी तापवलेल्याचा मखमली राखाडी. बारीक रवा चिवट, जाड रवा ठिसूळ. तीनही तुकडे फळीवर क्रमाने मांडून ठेवलेत.

(शेजारच्याने एक चकचकीत नळी आणून दिली, “याचं काहीतरी कर.” जस्ताचा मुलामा होता. तो भट्टीत गेला की धूर होतो आणि त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. परत दिली.)

बुधवार

आज घडाई. दिवे मालवून. पूर्वी मला वाटायचं लोहाराचं दुकान अंधारं असतं ते गरिबीमुळे. उजेडात लाल आणि केशरी यांतला फरक कळतच नाही, हे स्वतः फसल्यावर समजलं.

पिवळट केशरी रंगावर, साधारण ११०० अंश सेल्सिअसला, पोलाद हातोड्याखाली ओल्या मातीसारखं सरकतं. आठ-दहा घाव, तोवर लाली उतरते, परत भट्टीत. मंद लालीवर मारायचं नाही, तिथे चीर पडते. जास्तही तापवायचं नाही, आणि मी तेच केलं. टोक बारीक झाल्यावर बाकीच्यापेक्षा भराभर तापतं हे विसरलो, सांडशी धरून ब्लोअरकडे बघत बसलो आणि टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या. जळलेलं पोलाद परत जमत नाही. इंचभर छाटलं. पाच इंचाची सुरी आता चार इंचाची.

धार काढायची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि पातं पाठीकडे वळून केळ्यासारखं होतं. म्हणून आधी त्याला उलट वाक द्यायचा, थेट विळ्यासारखा, आणि मग ठोकत जायचं. गेल्या वेळी हे मला जमलं नव्हतं, कानशीने घासून सरळ केलं होतं. या वेळी विळ्याचा वाक घावागणिक आपोआप उलगडत गेला आणि शेवटच्या तावाला पातं सरळ होऊन ऐरणीवर निजलं. आजच्या दिवसातली ती दोन-तीन मिनिटं खरी.

८ मिलिमीटर जाडीचं पाठीशी ४ झालं. धारेशी साधारण १ मिलिमीटर जाडी मुद्दाम ठेवली, फार पातळ पातं तेलात वेडंवाकडं होतं. मागे मुठीत जाणारं निमुळतं शेपूट काढलं. खिळे नाहीत, स्क्रू नाहीत, जुन्या घडणीचं.

शुक्रवार

पातं तीनदा लाल करून हवेत निवू दिलं. घणाने बसलेले ताण जातात, रवा पुन्हा बारीक होतो. गेल्या वेळी एकदाच केलं होतं.

मग ‘पाणी देणे’, म्हणजे लाल पातं एकदम बुडवून कडक करणं. मराठीत पाणी म्हणतो, माणसालाही पाणीदार म्हणतो, पण या पाट्याला खरं पाणी दिलं तर तडकण्याचीच भीती जास्त. कोमट तेल, ५०-६० अंश. लोखंड साधारण ७७० अंशांना चुंबकाला दाद देईनासं होतं. दोरीला बांधलेलं लोहचुंबक जवळ नेत राहिलो. ओढ गेली, आणखी किंचित वर, ८३० च्या आसपास असावं, आणि टोक खाली करून सरळ आत. फुस्स, एक ज्वाळा, धूर. पातं हलवायचं ते फक्त धारेच्या दिशेने, आडवं नाही.

बाहेर काढलं. कानस घसरली. टिचकी मारायला हात पुढे होईना. चहा प्यायलो, मग मारली. टण्.

त्या अवस्थेत पातं काचेइतकंच विश्वासू, म्हणून लगेच ओव्हनमध्ये, २०० अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. घासून लखलखीत केलेल्या जागी वाळक्या गवतासारखा फिका पिवळा रंग चढला. जांभळा किंवा निळा आला असता तर कडकपणा जास्तच उतरला असता.

रविवार

शेपटाचं टोक लाल करून लाकडात भोसकलं. धूर आणि जळक्या लाकडाचा गोडसर वास. तीन वेळा थोडं थोडं. नंतर राळ, मेण आणि कोळशाची भुकटी वितळवून भोकात ओतली आणि शेपूट दाबून बसवलं. पाठीवरचा काळा पापुद्रा आणि घावांचे खळगे तसेच ठेवले.

संध्याकाळी काकांना दाखवली. त्यांनी लाकडाच्या ढलपीवरून एक लांब साल काढलं, धार नखावर टेकवून पाहिली, मग बराच वेळ नुसती मूठ आवळत-सोडत राहिले.

“जाड झालीय. तुझ्या हाताला बरी असेल, माझ्या नाही.”

माझ्याही हाताला जाडच आहे. उद्या घासेन.

खडूची रेघ आलेला तिसरा तुकडा टाकून द्यायला उचलला होता, पण रेघेपासून पुढे तो चांगला वीतभर आहे. तेवढा कापून पुन्हा रॉकेलमध्ये टाकलाय.