एकाच शेळीची चार चित्रं

इंग्रजीच्या तासाला मी एक वाक्य म्हणायचे आणि विचारायचे, "काय कळलं?" हात वर व्हायचे ते ठरलेले तीन-चार. उत्तर इंग्रजीत द्यायचं तर बोलता येत नाही म्हणून मुलं गप्प राहायची. मराठीत द्यायचं तर पहिल्यानं सांगितलेलंच सगळी म्हणायची. सहावीतल्या चोवीस मुलांपैकी कुणाच्या कानात नेमकं काय पोचतंय, हे मला कळतच नव्हतं.

म्हणून पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढली. झाडाखाली शेळी, विहिरीवर बाई, सायकलवर मुलगा. मी म्हणायचे, "द गोट इज अंडर द ट्री", मुलांनी चित्राचा नंबर सांगायचा. सगळ्यांचं बरोबर! आठवडाभर मी खूश होते. मग एकदा बोलता बोलता "बिहाइंड द ट्री" म्हणून गेले, तरी वर्गानं तोच नंबर सांगितला. मुलं फक्त 'गोट' आणि 'ट्री' ऐकत होती. मधला शब्द कुणी ऐकलाच नव्हता.

ह्यात त्यांचा दोष नाही. आपण 'झाडाखाली' म्हणतो, म्हणजे 'खाली' नामाला चिकटून शेवटी येतं. इंग्रजीत ते आधी येतं, तेही हळू आवाजात, पुढच्या शब्दाला जोडून. मराठी कान त्याची वाट पाहतो दुसऱ्याच जागी. 'ही' आणि 'शी'चंही तसंच. मराठीत 'जातो', 'जाते' यातूनच कोण ते समजतं. इंग्रजीत दोघांनाही 'इज गोइंग', सगळा भार त्या एका छोट्या सर्वनामावर.

तेव्हा चित्रं बदलली. एका कागदावर चार चौकटी, तेच झाड, तीच शेळी. खाली, मागे, पुढे आणि झाडावर. "शेळी झाडावर कशी?" असं एकानं विचारलं, तर मागून उत्तर आलं, "आमची चढती की बोरीवर." आधी मिनिटभर मराठीतच फरक बोलून घ्यायचे, नाहीतर अर्धं लक्ष चित्र समजण्यातच जातं. मग वाक्य दोनदा. नंबर ठरवायचा, डोळे मिटायचे आणि छातीशी बोटं दाखवायची. शेजाऱ्याचं बघणं त्यानं थांबलं. पहिल्या दिवशी फक्त सात जणांची बोटं बरोबर होती, पण आता मला खरं चित्र दिसत होतं.

एक चूक मात्र बरेच दिवस माझ्याकडून होत राहिली. मुलांना सोपं जावं म्हणून मी 'अंडर'वर जोर द्यायचे. माझं ऐकून सगळ्यांना जमायचं आणि मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं की पुन्हा गोंधळ. तेव्हापासून मी जोर देणं सोडलं. नेहमीच्या वेगानं 'अंडरदट्री' असं सलग म्हणायला लागले आणि लागेल तितक्या वेळा परत म्हणायला तयार राहिले. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'साठी भाजीच्या दोन पाट्या काढल्या, १५ रुपये आणि ५० रुपये. एकात ओढ शेवटाकडे, दुसऱ्यात जोर सुरुवातीला, हे दोन पाट्या समोर असल्यामुळे पटकन कानात बसलं.

दिवाळीनंतर कोरा कागद दिला. मी सांगेन तसं चित्र काढायचं: मोठं घर, डावीकडे विहीर, दारासमोर दोन कोंबड्या. श्रुतलेखनाची वही कायम कोरी ठेवणाऱ्या एका मुलानं विहीर बरोबर डावीकडे काढली, कोंबड्याही दोनच. तो ऐकत नाही असं मी दोन वर्षं धरून चालले होते. त्याला ऐकू येत होतं, समजत होतं, अडत होतं ते फक्त स्पेलिंगवर. त्याच्या वहीवर मारलेले शेरे मला फार लागले.

सध्या भूतकाळावर अडलोय. 'काल' चित्रात कसा दाखवायचा? परवा एका मुलीनं दोन चौकटी काढून आणल्या. पहिलीत डोक्यावर मडकं, दुसरीत जमिनीवर खापऱ्या. म्हणाली, "बाई, आता 'फेल', म्हणजे 'पडलं', म्हणा, मी दुसरं दाखवते."